कागदाची कड

हे मनन सावकाश करायचं आहे. मधे कुठे थांबावंसं वाटलं तर थांबा. पुढचा मजकूर कुठे पळून जात नाही. रंग, कुंचला, कॅनव्हास यांतलं काही हाताशी लागणार नाही. लागेल तो कागदाचा एक तुकडा, आणि तोही मनातल्या मनात.

आधी तो निवडू या. घरात आत्ता कुठले कागद पडले आहेत ते आठवा. खिशात राहून गेलेलं एसटीचं तिकीट. औषधाच्या दुकानातली पावती. कोपऱ्याला कुंकवाचं बोट लागलेलं लग्नपत्रिकेचं पाकीट. कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान, ज्याच्या दोन-तीन चौकटींत दुधाचा हिशोब आहे. कालचा पेपर. यांतला सगळ्यांत सुंदर तुकडा घेऊ नका. सुंदर कागद चित्रात गेला तरी तिथेही नटूनथटूनच बसतो, त्याला दुसरं काही सुचत नाही. जो तुम्ही एरवी चुरगळून टाकला असता, असा घ्या.

घेतलात? आता तो तळहातावर ठेवा आणि फक्त पाहा. काय छापलंय ते वाचायच्या आधी त्याची जाडी पाहा. घडी पडलीय का, घडीवर शाई उडालीय का. उलटा करा. मागच्या बाजूला समोरची अक्षरं पुसट, उलटी उमटली आहेत का. या कागदाला एक तारीख आहे. ती छापलेली नसली तरी आहे. तो एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट कामासाठी तयार झाला आणि ते काम संपलं.

आता दुसरी वस्तू. समोर ताणलेला कॅनव्हास आहे असं समजा. त्यावर तैलरंगाचा एक थर आधीच दिलेला आहे, अजून ओला आहे. रंग कुठला ते तुम्ही ठरवा. खोलीत टर्पेंटाइनचा तिखट वास आहे, आणि त्याखाली दुसरा, जाडसर, किंचित गोडूस वास आहे. तो जवसाच्या तेलाचा. विदर्भात ज्या जवसाची चटणी होते, त्याच जवसाचं तेल. गेली पाचसहाशे वर्षं युरोपातले चित्रकार प्रामुख्याने त्यातच रंग घोटत आले.

या तेलाकडे थोडं लक्ष द्या, कारण आपल्या मननाचा अर्धा भार त्याच्यावर आहे. पाण्यातला रंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. तेलाचं तसं नाही. टर्पेंटाइन उडतं, तेल जागीच राहतं. ते हवेतला प्राणवायू घेतं, आणि त्याचे रेणू एकमेकांना धरत जाऊन एक लवचीक पापुद्रा तयार होतो. वाळताना तेलाचं वजन सुरुवातीला वाढतं. हे वाक्य एकदा पुन्हा वाचलंत तरी चालेल. आपण वाळणं म्हणजे कमी होणं असं धरून चालतो. इथे वाळणं म्हणजे घेणं आहे. बोटाला रंग लागेनासा व्हायला काही दिवस जातात, जाड थराला काही आठवडे, आणि आतपर्यंत पक्कं व्हायला महिनेच्या महिने. तुम्ही आत्ता ज्या खोलीत बसला आहात, तिथे एखादं ताजं तैलचित्र असतं, तर तुम्ही आणि ते एकाच हवेवर चालला असता.

तर एकीकडे तेल, ज्याला कसलीच घाई नाही. दुसरीकडे कागद, ज्याचं काम एका दिवसात संपलं. हे दोघे एका पृष्ठभागावर आणायचे आहेत.

थेट आणून पाहू. मनातला कागदाचा तुकडा उचला आणि ओल्या तैलरंगावर ठेवा. दाबू नका. नुसता ठेवा आणि वाट पाहा.

काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे. भज्यांचा कागद आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. तेल तंतूंच्या मधल्या पोकळ्यांत शिरतं, तिथली हवा जाते, प्रकाश पूर्वीसारखा विखुरत नाही आणि कागद पारदर्शक होत जातो. शाई मागून पुढे दिसू लागते. रंगाच्या भोवती एक पिवळसर कडं उमटतं आणि ते दिवसेंदिवस पसरतं. एवढ्यावर भागत नाही. तेल पक्कं होताना त्यात आम्लं तयार होतात. कागद म्हणजे सेल्युलोज, आणि आम्ल सेल्युलोजची साखळी तोडत जातं. काही वर्षांनी तो तुकडा तपकिरी आणि ठिसूळ होतो, बोट लावलं तर तुटतो. कॅनव्हासच्या कापडाचंही हेच होतं, म्हणून तर जुने चित्रकार रंगाआधी कापडाला सशाच्या कातड्यापासून केलेल्या सरसाचा हात देत.

म्हणजे या दोघांना जवळ आणायचं तर मधे काहीतरी हवं. घर रंगवणारा कारागीर त्याला अस्तर म्हणेल. आज बहुतेक जण अॅक्रिलिकचं माध्यम वापरतात. कागदाला ते दोन्ही बाजूंनी लावायचं, वाळू द्यायचं, मग त्याच माध्यमाने कॅनव्हासवर चिकटवायचं, वरून आणखी एक हात. त्यावर मग तैलरंग. क्रम उलटा चालत नाही. अॅक्रिलिकवर तेल धरतं. तेलावर अॅक्रिलिक धरत नाही, कधी ना कधी सालासारखं सुटून येतं. आधीच्या तैलरंगावर कागद लावायचाच असेल तर पाण्यातली चिकी विसरा. तिथे तैलरंगाचाच थर, नाहीतर मेण, हेच गोंदाचं काम करतील. आपल्याकडे पुष्कळ जण फेविकॉल पातळ करून काम भागवतात. बुकबाइंडर मात्र अजून पिठाची खळ शिजवतो आणि तीत मोरचूद टाकतो, म्हणजे कसर लागत नाही. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात कागद चिकटवणाऱ्याला त्याच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

आता ओल्या रंगाचा कॅनव्हास बाजूला ठेवा, कोरा घ्या आणि मनातल्या मनात हे करा. कागदाला माध्यमाचा हात द्या. ओला झाल्यावर तो फुगेल, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, किंवा उलट. कागदाचे तंतू कुठल्या दिशेने बसले आहेत त्यावर ते अवलंबून. सुरकुत्या येतील. घाबरून ओढू नका. मधून कडेकडे, हलक्या हाताने हवा बाहेर काढत न्या. मधूनच. कडेपासून सुरुवात केलीत तर हवा आत अडकते आणि तिचा फुगा पुढे कायम राहतो. तळहात कडेपाशी पोचला की थांबा.

इथे आपण बराच वेळ थांबणार आहोत.

पॅरिस, 1912चा वसंत. पाब्लो पिकासो तीस वर्षांचा आहे. एका छोट्या लंबगोल कॅनव्हासवर तो कॅफेतलं टेबल रंगवतोय. चित्र इतकं गाजलेलं आहे की ते मोठं असेल असं वाटतं; प्रत्यक्षात ते 29 बाय 37 सेंटिमीटरचं आहे, दोन हातांत सहज धरता येईल एवढं. त्यात एक पेला आहे, सुरी आहे, लिंबाची चकती, शिंपला, पाइपची नळी. फ्रेंच वर्तमानपत्राच्या नावातली पहिली तीन अक्षरं आहेत. हे सगळं क्युबिस्ट पद्धतीने फोडून, पुन्हा जुळवून रंगवलेलं, करड्या-तपकिरी रंगांत. आणि खालच्या अर्ध्या भागात वेताच्या खुर्चीची बैठक आहे, अगदी हुबेहूब, एकेक वेत मोजता येईल अशी. भोवती चौकटीऐवजी खरा दोरखंड.

ती हुबेहूब बैठक त्याने रंगवलेली नाही. ते टेबलावर पसरायचं स्वस्त मेणकापड आहे, वेताच्या विणीची नक्षी छापलेलं. त्याने ते कापून चिकटवलं. आधुनिक चित्रकलेतलं पहिलं कोलाज म्हणून याच चित्राचा उल्लेख होतो. पिकासोने ते आयुष्यभर स्वतःपाशी ठेवलं; आज ते पॅरिसच्या पिकासो संग्रहालयात आहे.

या चित्रातल्या एका गोष्टीपाशी शांतपणे बसा. चित्रात बाहेरच्या जगातली ‘खरी’ वस्तू आली, असं आपण म्हणतो. पण आलेली वस्तू कोणती? वेत नाही. वेताचा छाप. म्हणजे जो भाग चित्रात सर्वांत खरा दिसतो, तोच यंत्राने छापलेली बतावणी आहे. आणि पेला, सुरी, लिंबू, जे अजिबात खरे दिसत नाहीत, ते मात्र माणसाच्या हाताने, पाहून, विचार करून मांडलेले आहेत. आता डोळा या दोघांत फिरवत राहा. मेणकापडावर विश्वास ठेवावा की रंगावर? कुठलंही उत्तर दिलंत तरी ते फार वेळ टिकत नाही, आणि मला वाटतं पिकासोला तेच हवं होतं.

आणखी एक. मेणकापड तेव्हा कसं बनायचं? कापडाला उकळलेल्या जवसाच्या तेलाचे हात देऊन. आणि तैलचित्र? कापडावर जवसाच्या तेलाचे थर. म्हणजे इथे परकं असं कुणी आलेलंच नाही. एकाच घरातली दोन भावंडं आहेत. एक चित्रशाळेत गेलं, दुसरं स्वयंपाकघरात. पिकासोने त्यांना पुन्हा एका टेबलाशी बसवलं.

आता कडेकडे या. ते मेणकापड जिथे संपतं, तिथे काय आहे? पिकासोने रंग त्या कडेपाशी थांबवलेला नाही. कुंचला कापडावर चढतो. वेताच्या छापावर करड्या-तपकिरी पट्ट्या पडतात. काही ठिकाणी कड लपते, काही ठिकाणी उघडी राहते. कागद आणि रंग यांची भेट नीट पाहायची तर अशी कड पाहावी. मधल्या भागात दोघेही आपापल्या घरी असतात. कडेवर कुणी कुणाला किती जागा द्यायची ते ठरवावं लागतं.

तुमच्या मनातल्या तुकड्याकडे परत या. त्याची कड कशी आहे? कात्रीने कापली असेल तर ती धारदार आहे, तिच्याकडे पाहिलं की कात्री आठवते. आता मनात तोच कागद हाताने फाडून पाहा, सावकाश, आवाज ऐकत. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वाकडंतिकडं. तंतूंची दिशा तुम्हाला तिथेच कळते. छापील जाड कागद फाडला तर कडेला एक पांढरी रेघ उघडी पडते, छपाईच्या खालचा कागदाचा आतला गर. चित्रात ही पांढरी रेघ फार बोलते. कापलेल्या कडेपेक्षा फाटलेली कड अधिक ‘भावपूर्ण’, असं पुष्कळ जण समजतात आणि सगळंच फाडत सुटतात. तसं काही नाही. कात्रीच्या कडेलाही स्वतःचा थंडपणा असतो, आणि कधी कधी चित्राला तोच हवा असतो.

आता रंग घ्या. कुंचला कडेपर्यंत न्या आणि कागदाला स्पर्श होण्याच्या आधी थांबवा. मधे कॅनव्हासची एक बारीक फट राहिली. कागद बेटासारखा उरला. बरं वाटतंय का ते पाहा. मग कुंचला पुन्हा भरा आणि या वेळी कडेवरून पुढे कागदावर न्या. कड रंगाखाली गेली तरी नाहीशी होत नाही. जाडीची एक उठावदार रेघ राहते, बोटाला कळेल अशी. बाजूने दिवा आला की तिची बारीक सावली पडते. तैलरंग झाकतो, पण सपाट करत नाही. तिसऱ्यांदा कागदाच्या कडेवर रंग इतका जाड द्या की कुठे कागद संपला ते तुम्हालाही आठवणार नाही. या तिन्हींतलं कुठलं बरोबर, असं विचारू नका. तुमच्या तुकड्याला कुठलं चालेल, एवढंच विचारा. तिकिटाला जे चालेल ते लग्नपत्रिकेच्या पाकिटाला चालेलच असं नाही.

पिकासोच्या त्या मेणकापडानंतर काही महिन्यांनी, सप्टेंबर 1912मध्ये, दक्षिण फ्रान्समधल्या सॉर्ग गावात राहणाऱ्या जॉर्ज ब्राकला शेजारच्या आव्हिन्यों शहरातल्या दुकानात भिंतीला लावायचा कागद दिसला, ओकच्या लाकडाच्या रेषा छापलेला. पिकासो पॅरिसला जाईपर्यंत तो थांबला, मग कागद आणला आणि कोळशाच्या रेखाटनाशी जोडून चिकटवला. ब्राकच्या घरातच घरं रंगवण्याचा, सजवण्याचा धंदा होता. साध्या भिंतीवर रंग देऊन, त्यावरून कंगवा ओढून लाकडाचा भास करणं तो लहानपणापासून पाहत आणि शिकत आला होता. कॅनव्हासवर त्याने ते करूनही झालं होतं. ज्याला हाताने लाकूड रंगवता येतं, त्याने छापील लाकूड विकत आणून चिकटवलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ज्याला जमत नाही त्याचा तो आळस म्हटला असता. ब्राकच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. लाकडाची नक्कल करण्याचं काम कागदाकडे गेलं आणि हात दुसऱ्या कामाला मोकळा झाला. त्याच वर्षी हुआन ग्रिसने तैलचित्रात आरशाचा तुकडा लावला. आता पाहणाऱ्याचं तोंडच चित्रात यायला लागलं. हे मला जरा चलाखीचं वाटतं.

पण ही सगळी गोष्ट 1912मध्ये पॅरिसलाच सुरू झाली असं समजून बसू नका. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894मध्ये गिरगावात निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची ओलिओग्राफ घराघरांत पोचली. ओलिओग्राफ म्हणजे तैलचित्राचा आव आणणारा छापील कागद. आणि कितीतरी घरांतल्या बायकांनी त्या छापील लक्ष्मीच्या साडीवर खरी जर शिवली, खऱ्या टिकल्या चिकटवल्या, कापडाचे तुकडे लावले, आणि मग ती काचेत बसवली. या क्षणी त्या हातांची कल्पना करा. चित्रातली साडी रंगवलेली आहे हे त्यांना ठाऊक होतं. जर खरी आहे हेही ठाऊक होतं. खरं आणि रंगवलेलं एकाच देहावर आलं याचं त्यांना कोडं पडलं नाही. देवीला नेसवायचं होतं, नेसवलं. पॅरिसच्या चित्रकारांना ज्या कडेने हादरा दिला, ती कड इथे सुईदोऱ्याने सहज ओलांडली गेली. यात मोठेपणा कुणाचा, याचा निवाडा करत बसायची गरज नाही, पण दोन्ही चित्रं मनात एकदा शेजारी शेजारी टांगून पाहा.

भूपेन खख्खरने ती तशी टांगलीच. मुंबईत वाढलेला, हिशेबतपासनीस म्हणून शिकलेला, पुढे बडोद्याला गेलेला हा चित्रकार. 1965मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत त्याने जी कामं मांडली, त्यांत देवादिकांची बाजारू छापील चित्रं कापून चिकटवलेली होती आणि त्यांच्यावर-भोवती रंगाचे उघडे, उर्मट फटकारे. रस्त्याच्या कडेच्या देवळीत शेंदराचे थर चढतात तसा रंग. देवाचं चित्र आणि तैलरंग यांच्यामधली सगळी अदब त्याने काढून टाकली. एकाला दुसऱ्यापेक्षा वरची जागा दिली नाही. ही गोष्ट तुमच्या तिकिटाच्या तुकड्यालाही लागू आहे. त्याला चित्रात घेतलंत म्हणून त्याच्यावर उपकार झालेले नाहीत.

एक श्वास घ्या. पुढे जाऊ.

तुकड्यावर काही छापलेलं असेल तर आता ते वाचा. मनात मोठ्याने वाचा. आणि लक्षात घ्या, वाचायला लागल्याबरोबर पाहणं थांबलं. शब्द असलेला कागद चित्रात लावला की ही अडचण येतेच. समोर उभा राहणारा माणूस बातमी वाचून पुढे निघून जातो. कित्येक चित्रकार म्हणून कागद उलटा लावतात. मराठी वर्तमानपत्राचा तुकडा उलटा लावून पाहा. रोमन लिपीतला मजकूर उलटा केला की तो बारीक ठिपक्यांचा करडा पट्टा होतो. देवनागरी तशी होत नाही. शिरोरेषा खाली येते, अक्षरं तिच्यावर उभी राहतात, आणि ओळीमागून ओळ आडव्या काळ्या रेघा आखल्या जातात. वाचता येत नाही, तरी रेघ राहते. दूरवरून ती पावसाळी शेतातल्या बांधांसारखी दिसते. आपल्या चित्रकारांना ही एक आयती देणगी आहे, आणि तिचा वापर व्हायला हवा तेवढा झालेला मला दिसलेला नाही.

आता झाकून पाहू. पातळ रंगाचा एक हात अक्षरांवरून फिरवा. अक्षरं मागे गेली, पण आहेत. आणखी एक हात. आता शीर्षकाची दोनच अक्षरं दिसतात. कुठे थांबायचं? अमेरिकेत जॅस्पर जॉन्सने 1954-55मध्ये राष्ट्रध्वजाचं जे चित्र केलं, त्यात वर्तमानपत्राचे तुकडे आहेत. आधी त्याने साधा एनॅमल रंग घेतला होता. तो वाळायला फार वेळ लावतो म्हणून तो मेणात कालवलेल्या रंगाकडे वळला. मेण लगेच गोठतं आणि प्रत्येक फटकारा वेगळा राहतो. दुरून दिसतो तो झेंडा. जवळ गेलं की पट्ट्यांच्या आत छापील ओळी दिसतात, वाचता येतील असं वाटायला लावणाऱ्या आणि धड वाचू न देणाऱ्या. हे ‘वाटायला लावणं’ फार नाजूक आहे. थोडा कमी रंग असता तर ती बातमी झाली असती. थोडा जास्त असता तर तो कागद तिथे नसता तरी चाललं असतं.

तुमच्या तुकड्यावर तुम्ही किती झाकलंत? झाकलेल्या भागात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, पाहणाऱ्याला नाही. त्या माहितीसह दोन क्षण तसेच बसा.

आणि आता सर्वांत कठीण. तो कागद काढून घ्या.

वासुदेव गायतोंडे यांच्याकडे यासाठी जायला हवं. नागपूरला 1924मध्ये जन्मलेले, गोव्याकडच्या घराण्यातले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1948मध्ये बाहेर पडलेले, पुढे दिल्लीच्या निझामुद्दीनमध्ये एकांतात राहिलेले. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. बाकीचा काळ, बाहेरून पाहणाऱ्याला काहीच न करता, कॅनव्हासपुढे बसण्यात जाई. त्यांच्या हाती कुंचल्याऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ आले होते. आणि कागद. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे फाडलेले-कापलेले तुकडे ते रंगासह कॅनव्हासवर टेकवत, वरून रोलर फिरवत आणि उचलून घेत. कागदावरचा रंग खाली राही, खालचा थोडा कागदाबरोबर निघून येई. चित्रात उरे तो आकार, ज्याला कडा आहेत पण कडेमागे कुणी नाही. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात 2014 ते 2015 या काळात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. तिथे भिंतींवर लावलेल्या कॅनव्हासवर कागदाचा एक कपटा नव्हता, आणि तरी कागदाशिवाय त्यांतली कित्येक चित्रं झालीच नसती.

याला कोलाज म्हणायचं का? व्याख्या करणारे नाही म्हणतील. मला विचाराल तर कोलाजचं हे सर्वांत सूक्ष्म रूप आहे. पिकासोने वस्तू आणली आणि ठेवली. गायतोंड्यांनी आणली, तिच्याकडून काम करून घेतलं आणि तिला जाऊ दिलं. त्यांच्या चित्रांतली ती चिन्हासारखी वाटणारी रूपं पाहून लोक लिपी शोधतात, गूढ अर्थ लावतात. त्यातलं काही खरंही असेल. पण ते आकार येतात कुठून, तर टाकाऊ कागदाच्या फाटक्या कडेतून, हे मनात धरून त्या चित्रांपुढे उभं राहावं. गूढ त्याने कमी होत नाही.

तर तुमचा तुकडा. तो चिकटवलेला नाही, नुसता ओल्या रंगावर टेकवला आहे असं समजा, आणि त्याचा एक कोपरा धरा. रंग अजून ओला आहे. सावकाश उचला. चटकन ओढलात तर रंगाचे धागे उभे राहतील. तेही चालेल, पण ते तुमच्या लक्षात येऊ दे. उचलला? खाली जे उरलं ते पाहा. कागदाच्या पाठीवर जे आलं तेही पाहा. आता तुमच्याकडे दोन गोष्टी झाल्या.

की त्याला तिथेच राहू द्यायचंय? तसं असेल तर पुढच्या वर्षांचा विचार करावा लागेल. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडाचा लगदा असतो, त्यातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं. क्युबिस्टांनी लावलेला वर्तमानपत्राचा कागद लावला तेव्हा जवळजवळ पांढरा-करडा होता. आज तो तपकिरी झालेला आहे. आपण ज्या उबदार, जुनाट रंगसंगतीचं कौतुक करतो, तिच्यातला बराच भाग त्यांनी योजलेलाच नव्हता. जवसाचं तेलही पिवळं पडतं, पण वेगळ्या गतीने. म्हणजे आज तुम्ही कागद आणि रंग यांचा जो मेळ घातलात, तो दहा वर्षांनी तसा नसेल, पन्नास वर्षांनी आणखी वेगळा असेल. दुकानातली आजची थर्मल पावती तर काही महिन्यांत कोरी होईल. काही चित्रकार यावर उपाय म्हणून कागदाची प्रत चांगल्या कागदावर छापून तीच लावतात. व्यवहाराला ते योग्य आहे. मला मात्र त्यात ओरखडा न पडलेल्या तिकिटासारखं काहीतरी वाटतं: प्रवास न केलेलं.

शेवटचा निर्णय राहिला, व्हर्निशचा. तैलचित्राला सहा महिने ते वर्षभर थांबून व्हर्निश देण्याची पद्धत आहे. त्याने रंग उजळतात, धूळ आत शिरत नाही. पण कागद व्हर्निश पितो आणि गडद होतो; मेणकापडाची मूळची चकाकी आणि रंगाचा मंदपणा एकाच झिलईखाली जातात. पिकासो आणि ब्राक यांना आपल्या क्युबिस्ट चित्रांवर व्हर्निश नको होतं. त्यांना पृष्ठभाग कोरडा, मंद हवा होता. कुठे वाळू मिसळलेला खरखरीत, कुठे नुसता कागद. पुढच्या मालकांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी त्यांतल्या अनेक चित्रांना तरीही चकचकीत व्हर्निश दिलं, चित्र सांभाळायच्या चांगल्या हेतूनेच. त्या चित्रांत आज कागद आहे, रंग आहे, दोघांची जाडीही आहे, पण उजेड दोघांवरून सारखाच घसरतो आणि कड शोधावी लागते.

तुमच्या तुकड्याला अस्तराचा जो हात तुम्ही आधी दिला आहे तो त्याला बऱ्याच अंशी सांभाळेल. धुळीची फार काळजी असेल तर चित्र काचेखाली ठेवा, काच आणि कागद यांच्यात बोटभर जागा सोडून. व्हर्निशची बाटली आज उघडू नका. तेल अजून हवा घेतंय.